आठव्या प्रश्नापुढचे दोन चौकोन

तुम्ही आमच्या गावात येऊन एकच चोर पकडलात, आणि तो चोर नव्हता.

हे मी तोंडावर म्हणतोय. तुम्ही म्हणजे नेमके कोण, ते मला आजही माहीत नाही. ज्या टेबलावर तो फॉर्म तयार झाला ते टेबल मी बघितलेलं नाही. कागदाच्या तळाला माणसाचं नाव नव्हतं, 'सक्षम प्राधिकारी' एवढंच छापलेलं होतं. सतरा वर्षं झाली, मी मनातल्या मनात त्या दोन शब्दांशी भांडतोय. माझी शाळा सातवीपर्यंत. बाकीचं लिहिणं-वाचणं मी सुताच्या पेट्यांत भरून येणाऱ्या रद्दीवर शिकलो. भाषा खरखरीत लागली तर तशीच वाचा.

"मर्दा, माझं नाव बरोबर पडलंय का बघ ह्यात," असं म्हणून पिराजी लोकरेनं तो फॉर्म माझ्यापुढं टाकला.

एप्रिल महिना. बसाप्पाच्या चहाच्या गाड्यामागचा कट्टा. माझी सकाळची पाळी नुकतीच सुटली होती. मी मागवाला, शेडमध्ये चार यंत्रमाग सांभाळायचो. मागांच्या खडखडाटातून बाहेर आलेला माणूस तासभर ओरडूनच बोलतो, त्यामुळं आमच्या गावात कुणाचंच गुपित गुपित राहत नाही. मी टोपी मागं सारली, पेन काढलं आणि ओरडूनच म्हणालो, "नाव बरोबर आहे. वय चुकलंय."

"किती लिवलंय?"

"एकसष्ट."

"मग भत्ता कशाला, पेन्शनच द्या म्हणावं."

बसाप्पा हसला. पिराजी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा. नदीपलीकडच्या सूतगिरणीत एकोणीस वर्षं काढलेली. गिरणी जानेवारीत बंद पडली. ज्या कामगारांच्या पगारातून विम्याची कपात होत होती त्यांना बेकारी भत्ता मिळायला लागला. अर्ध्या पगाराइतका, तोही ठरावीक महिनेच. पण पिराजीला भत्त्यापेक्षा मोठी गोष्ट होती ती दवाखान्याचं कार्ड. भत्ता चालू तोवर कार्ड चालू. त्याच्या बायकोला, अक्कावहिनीला, काचबिंदू झाला होता. विम्याच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली होती अठ्ठावीस एप्रिल. डॉक्टरनं पिराजीला समजेल अशा भाषेत सांगितलं होतं, "मोतीबिंदूत गेलेली नजर परत येते. ह्यात गेलेली येत नाही. तारीख चुकवू नका."

अक्कावहिनी मशीनवर कांड्या भरायच्या. धोट्यात बसणारी सुताची कांडी भरताना तुटलेला धागा दिसावा लागतो. त्यांना तो आता दिसत नव्हता, बोटांनी शोधत होत्या.

फॉर्म नवा होता. तो का आला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गिरणीत कामाला होती चारशे माणसं आणि भत्त्याच्या यादीत निघाली पाचशेच्या वर. वरची शंभर कोण? गिरणीच्या चेअरमनचा ड्रायव्हर. चेअरमनच्या मेहुण्याच्या ढाब्यावरचे तिघे. ज्यांनी जन्मात सुताची कांडी हातात धरली नाही असे लोक 'बेकार झालेले गिरणी कामगार' म्हणून दर महिन्याला सही ठोकत होते. पेपरात बातमी आली, वरची मंडळी जागी झाली, आणि सगळ्यांची नव्यानं तपासणी निघाली. प्रत्येकानं हा फॉर्म भरायचा, स्वतः हजर राहायचं, खोटं आढळलं तर फौजदारी.

मला बरं वाटलं होतं, हे मी लपवत नाही. चोरांचा बंदोबस्त झालाच पाहिजे असं मी त्याच कट्ट्यावर दहा जणांना सुनावलं होतं. त्या आठवड्यात मी तीसेक फॉर्म भरून दिले असतील. एका चहावर एक फॉर्म.

"आठवा प्रश्न," मी वाचलं. "भत्ता सुरू झाल्यापासून आपण कोठेही काम केले आहे काय? पुढं दोन चौकोन आहेत. हो किंवा नाही."

"न्हाई," पिराजी म्हणाला.

माझं पेन थांबलं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. तुमच्या टेबलापर्यंत ती कधी आली नसणार. मागावर माणूस चार दिवस आला नाही तर मालक त्याचे माग दुसऱ्याला देतो. बाप मेला म्हणून माग थांबत नाही. तेव्हा ज्याच्या घरी सुतक पडलं त्याच्या जागी दुसरा कुणीतरी जाऊन उभा राहतो. आम्ही त्याला सुतकाची पाळी म्हणतो. कापड निघतं सुतकी माणसाच्या नावावर, हजेरी लागते त्याची, पगार घेतो तोच. उभा राहणारा पाणीसुद्धा आपल्या घरून आणतो, मालकाचा चहा घेत नाही. शेवटच्या दिवशी चारही धोट्यांत भरलेल्या कांड्या घालून माग परत द्यायचा. ना त्यानं उपकार बोलून दाखवायचे, ना ह्यानं आभार मानायचे. कुणासाठी उभा होतास असं कुणी विचारत नाही, विचारलं तरी सांगायचं नसतं. सांगितलं की ती देणगी राहत नाही, उधारी होते.

मार्चच्या शेवटी आमच्या शेडमधल्या एका मागवाल्याचा बाप वारला. त्याचं नाव आत्ता घेत नाही, पुढं घेईन. पिराजी गिरणीत जायच्या आधी मागावरच होता, हात बसलेला. तेरा दिवस तो त्या मागांवर उभा राहिला.

"पिराजी, तू शेडमध्ये उभा होतास की," मी म्हणालो.

"मग?"

"मग 'नाही' कसं लिहू?"

"ते काय काम हाय व्हय?" तो खरोखर चकित झाला. "काम म्हंजे दाम घ्यायचं ते. उद्या तू म्हणशील, मढ्याला खांदा दिला तेबी कामच."

"सरकारी कागद आहे. फौजदारी लिहिलीय खाली. उद्या कुणी तक्रार केली, पिराजीला मागावर बघितलं म्हणून, मग?"

"कोण करतंय तक्रार?"

"ज्यांचं बिंग फुटायला आलंय ते करतील. चेअरमनचा ड्रायव्हर रोज चहाला येतो इथं."

हे त्याला पटलं. पण अर्धंच. तो बसाप्पाकडं बघून म्हणाला, "तू सांग, आण्णा."

बसाप्पा म्हणाला, "मला इचारू नका. मी माझ्या वहीत पण खरं लिवत न्हाई."

मी मात्र पेटलो होतो. दोन अक्षरं शिकलेल्या माणसाला कागदाचा फार अभिमान असतो. मी म्हणालो, "आपण 'हो' वर खूण करू आणि खाली खुलाशाला जागा आहे तिथं सगळं लिहू. खरं बोलणाऱ्याला कोण काय करतंय?"

खुलाशाला दीड ओळ होती. मी बारीक अक्षरात लिहिलं: 'सुतकातील माणसाच्या जागी, रीतीप्रमाणे, कोणताही मोबदला न घेता तेरा दिवस उभा होतो.' कुणाच्या जागी, ते लिहिलं नाही. पिराजीनं फॉर्म उलटा धरून बघितला, सुलटा केला, आणि सही केली.

"अक्षर झ्याक हाय तुझं," तो म्हणाला.

एकवीस एप्रिलला त्याला विमा कार्यालयात बोलावणं आलं. मी त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होतो, सकाळ मोकळी होती. बरोबर गेलो.

बाकावर आमच्या आधी चेअरमनचा ड्रायव्हर बसला होता. बोटात गाडीची किल्ली फिरवत. पिराजीनं त्याला विचारलं, "काय, कोणत्या खात्यात हुता म्हणं तुम्ही?"

"रिंग खात्यात."

"मीबी रिंग खात्यात. एकोणीस वर्सं. कधी गाठ पडली न्हाई आपली."

"मी रातपाळीला होतो," ड्रायव्हर म्हणाला आणि हसला. तो आत गेला आणि दोन मिनिटांत शिक्का घेऊन बाहेर आला. त्यानं आठव्या प्रश्नाला 'नाही' वर खूण केली होती. त्याचा कागद स्वच्छ होता.

आत टेबलामागं वाघचौरे मॅडम. तिशीच्या असतील. तपासणीसाठी मुद्दाम आमच्याकडं नेमलेल्या. तुम्हाला वाटेल मी आता त्यांना शिव्या घालणार. नाही घालणार. बाई सरळ होती. टेबलावर फॉर्मचे गठ्ठे, डबा न उघडता तसाच, आणि पंखा बंद.

"बसा. पंखा बंद पडलाय," त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही टोपी काढून बसलात तरी चालेल. फार उकडतंय."

"राहू द्या," मी म्हणालो.

"तुम्ही कोण यांचे?"

"मी लिहिणारा. फॉर्म मी भरलाय."

"हळू बोला, मला ऐकू येतंय."

"मागावरची सवय हाय त्यास्नी," पिराजी माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणाला. मॅडमना हसू आलं. मग त्यांनी फॉर्म पुढं ओढला आणि हसू गेलं.

"लोकरे, पाचशे सतरा फॉर्म आलेत माझ्याकडं. 'हो' वर खूण करणारे तुम्ही एकटे आहात."

पिराजीनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. तीस फॉर्म भरून अक्कल शिकवणाऱ्या माणसाकडं बघावं तसं बघितलं.

"खुलासा मी वाचला," मॅडम म्हणाल्या. "माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाला रकाना नाही. नियम असा की 'हो' असेल तर भत्ता त्या तारखेपासून बंद. मोबदला घेतला नाही हे सिद्ध करायचं तर पगार कुणी घेतला ते दाखवायला लागेल. ज्याच्या जागी उभे होता त्याचं नाव सांगा. त्याचा एक जबाब, एक सही. मी आज, आत्ता, इथं तुमचा कागद मंजूर करते."

"नाव न्हाई सांगता येत, बाई."

"का?"

"तशी रीत न्हाई."

"लोकरे, रीत बाहेर. इथं फाईल आहे. त्या माणसाचं काय बिघडणार आहे?"

काय बिघडणार होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं. तपासणी सुरू झाल्यापासून आमच्या मालकानं शेडमध्ये सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की, 'माझ्या शेडचं नाव ज्याच्यामुळं सरकारी कागदावर येईल त्याचे माग त्याच दिवशी बंद.' हजेरी वहीत त्या सुतकी माणसाच्या तेरा दिवसांच्या पाळ्या भरलेल्या होत्या. तो हजर नव्हता असं त्याच्याच सहीनं निघालं, तर वही खोटी, मालक अडकला. आणि एका मालकानं काढलेल्याला गावात दुसरा मालक उभा करत नाही.

"घरी कोण आजारी आहे?" मॅडमनी कागद चाळत विचारलं. "कार्डावर तारीख दिसतेय. अठ्ठावीसची."

"बायकू. डोळं."

"कार्ड भत्त्याबरोबर बंद होतं, हे माहीत आहे ना तुम्हाला?"

"व्हय."

"मग?"

पिराजी हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग टोपीकडं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"तुम्ही त्याच शेडमध्ये आहात. तुम्हाला माहीत असेल तो माणूस."

मी म्हणालो, "मी फक्त लिहिणारा."

ह्या वेळी मी ओरडलो नाही. माझा मलाच ऐकू आला नाही एवढा बारीक आवाज निघाला.

त्या थोडा वेळ थांबल्या. खरंच थांबल्या. शिपाई पुढच्याला आत पाठवू का विचारायला आला, त्याला हातानं थोपवलं. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. मग त्यांनी शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि पुन्हा एकदा विचारलं, "लोकरे?"

"मारा की बाई," पिराजी म्हणाला. "तुमचा काय दोष न्हाई."

बाहेर आवारात पाण्याची टाकी होती. पिराजीनं तोंडावर पाणी मारलं, ओंजळभर प्याला. मी उभाच. मी म्हणालो, "आपण अपील करू. मी लिहितो."

तो ओल्या हातानं मिशी पुसत माझ्याकडं वळला. "काढ की टोपी आता," तो म्हणाला. "कोण न्हाई बघायला. डोस्कं शिजंल."

मी टोपी काढली. डोक्यावर कापणी झालेल्या गव्हासारखे खुंट होते, बोटाचं पेरही न भरणारे. बापाच्या दहाव्याला डोकं भादरून तीन आठवडेही झाले नव्हते.

तो सुतकातला माणूस मी. पिराजी तेरा दिवस उभा होता तो माझ्या मागांवर. चौदाव्या दिवशी मी शेडमध्ये गेलो तेव्हा माझ्या चारही धोट्यांत भरलेल्या कांड्या होत्या, आणि त्या अक्कावहिनींनी भरलेल्या होत्या. गाठ कुठं आहे ते बोटाला कळत होतं, कारण ती डोळ्यानं बघून मारलेली नव्हती.

"पिराजी..." मी म्हणालो.

"गप," तो म्हणाला. "तुझा बा मला उसाच्या रसाचा गिलास पाजायचा, गिरणीच्या दारात. त्येच्यासाठी उभा हुतो. तुझ्यासाठी न्हवं. तुझं तोंड बघून कोण उभा ऱ्हाईल मर्दा?"

एवढं बोलून तो सायकलला टांग मारून गेला. मी दोन वाजता पाळीवर गेलो.

आठवड्यानं विमा कार्यालयाच्या बोर्डवर यादी लागली. वर मोठ्या अक्षरात 'अपात्र ठरविण्यात आलेले लाभार्थी'. खाली अनुक्रमांक एक. पिराजी लोकरे. दुसरा अनुक्रमांक नव्हता. पेपरात छापून आलं, 'विशेष तपासणी मोहीम यशस्वी'. चेअरमनचा ड्रायव्हर यादीसमोर उभा राहून दात कोरत होता.

अठ्ठावीस एप्रिलला दवाखान्यानं कार्ड चालत नाही म्हणून वहिनींना दारातूनच परत पाठवलं. खाजगीत ऑपरेशन झालं दिवाळीनंतर, तेही एका डोळ्याचं. दुसऱ्यात तोवर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी पाच आठवड्यांनी माझ्या नावानं जबाब लिहून नेला, हेही सांगतो. मोठेपणासाठी सांगत नाही. पाच आठवडे हा माझा गुन्हा आहे आणि तो मोजूनच सांगायला हवा. तोवर वाघचौरे मॅडमची बदली झाली होती. शिपाई म्हणाला, निर्णय झालेल्या फाईलवर आता 'वर' लिहा. मी वर लिहिलं. त्याची पोच माझ्याकडं आहे. उत्तर नाही. मालकाला काहीच कळलं नाही, कारण वर कुणी ते वाचलंच नाही. आणि ज्या चार मागांसाठी मी तोंड शिवून बसलो ते दोन वर्षांनी नव्या मशीन आल्यावर मालकानं भंगारात घातले. मी दारात उभा राहून टेम्पोत चढताना बघितले.

पिराजी नंतर सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये लागला, आता घरीच असतो. मी जातो अधूनमधून. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातही आता सावल्याच उरल्यात, त्यामुळं अक्कावहिनी आवाजावरून ओळखतात. "रंगा भावजी, हळू बोला, आंधळी हाय, भैरी न्हाई," म्हणतात आणि स्वतःच हसतात. मी त्यांना कधी काही सांगितलेलं नाही. त्यांना माहीत आहे. त्या चहा देतात तेव्हा कप माझ्या हातात नीट बसला का ते बोटांनी चाचपून बघतात.

आता पुन्हा बेकारी भत्त्याची नवी पद्धत येणार, बोगस माणसं शोधायची नवी युक्ती निघणार, असं ऐकतोय. या ना. चोर पकडा. मी आजही म्हणतो, पकडलेच पाहिजेत. पण त्याआधी जुना हिशेब मिटवा.

माझ्या वाट्याचं उत्तर मी वर दिलंय. मी भ्यालो. त्याला तीन अक्षरं पुरतात आणि ती मी माझ्या नावानिशी लिहिली आहेत. रंगराव चौगुले, जुनी सूतगिरणी वसाहत.

आता तुमचं द्या. पाचशे सोळा जणांनी 'नाही' वर खूण केली आणि सुटले. एकानं 'हो' वर केली आणि त्याच्या बायकोचा डोळा गेला. त्या दिवशी, त्या दोन चौकोनांत, पिराजी लोकरेनं खूण कुठं करायला हवी होती? नाव घालून, सही करून सांगा.